दोघींतली पवित्र कोण?



संध्याकाळची वेळ आहे. कुणाचा हात पिठात असेल, कुणी धार काढायला बसली असेल. काम चालू राहू द्या, कान तेवढे आमच्याकडे असू द्या.

आज आम्ही एका चित्राविषयी बोलणार आहोत. रेडिओवरून चित्र कसं दाखवणार, यावरून आमच्यातच आधी वाद झाला. मग एकजण म्हणाली, जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांनी कधी न गेलेली पंढरी ओव्यांतून पाहिलीच ना? मग हे चित्रही आपण तसंच पाहू.

चित्र इटली देशातलं आहे, पाचशे वर्षांपूर्वीचं. व्हेनिस शहरातल्या टिशियन नावाच्या चित्रकारानं ते 1514 च्या सुमाराला काढलं. टिशियन मूळचा डोंगरातल्या गावचा. लहान वयात तो व्हेनिसला चित्रकला शिकायला आला आणि पुढे युरोपभर त्याचं नाव झालं. हे चित्र काढलं तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा होता. आज ते रोम शहरातल्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. कापडावर तैलरंगांत काढलेलं हे चित्र चांगलं मोठं आहे. लांबी नऊ फुटांहून थोडी जास्त, उंची चार फुटांना जराशी कमी. आपल्या ओसरीची एक भिंत त्यानं भरून जाईल.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. मोकळं रान आहे, लांबवर डोंगर आणि झाडी. मधोमध दगडाची एक लांबट पेटी आहे, आपल्याकडे जनावरांना पाणी पाजायचा हौद असतो तशी. तिच्यात पाणी आहे. पेटीच्या पुढच्या बाजूला एक नळी आहे, तिच्यातून पाणी खाली पडतंय. या हौदाच्या दोन टोकांना दोन बायका टेकून बसल्या आहेत.

डाव्या बाजूची बाई अंगभर कपडे घातलेली आहे. पायघोळ पांढरा झगा, त्याला एक लाल बाही, कमरेला पट्टा, हातांत मोजे. डोक्यावर मर्टल नावाच्या हिरव्या, सुवासिक झुडपाच्या पानांचा मुकुट आहे. एका हाताखाली तिनं झाकणाचं भांडं धरलंय. ती शांत बसली आहे आणि समोर बघते आहे.

उजव्या बाजूच्या बाईच्या अंगावर जवळजवळ काही नाही. मांडीवर पांढऱ्या कापडाचा एक पदर आणि एका हातावरून खाली आलेलं लालभडक वस्त्र, एवढंच. तिनं एक हात उंच केलाय आणि त्या हातात धुपणारा दिवा आहे. ती पहिल्या बाईकडे वळून बघते आहे, जणू काही सांगायला आली आहे.

दोघींच्या मध्ये, हौदाच्या मागे, पंख असलेलं एक बाळ वाकून पाण्यात हात घालून पाणी ढवळतंय. हा क्युपिड, तिकडच्या पुराणांतला प्रेमाचा देव. आपल्याकडे मदनाच्या हातात फुलांचं धनुष्य असतं, तिकडे या पोराच्या हातात धनुष्यबाण असतो. त्याची आई व्हीनस, प्रेमाची देवी.

चेहऱ्यानं या दोघी बायका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या आहेत.

या चित्राला जगभर ज्या नावानं ओळखतात ते नाव आहे, ‘पवित्र प्रेम आणि संसारी प्रेम’. म्हणजे एक बाई पवित्र प्रेमाचं रूप आणि दुसरी या मातीतल्या, देहाच्या प्रेमाचं.

आता सांगा, दोघींतली पवित्र कोण?

आम्हाला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा आम्ही क्षणाचाही विचार न करता कपडेवालीकडे बोट दाखवलं. अंग झाकलेलं, नजर सरळ, हातात मोजे. पवित्र तीच असणार. दुसरी तर अशी उघड्यावर बसलेली. तुमच्यातल्याही बहुतेकींनी मनात हेच उत्तर दिलं असेल.

जाणकारांनी दिलेलं उत्तर याच्या उलट आहे. फार जुन्या काळी ग्रीस देशात प्लेटो नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या एका ग्रंथात प्रेमाच्या दोन देवींची गोष्ट येते. एक स्वर्गातली, तिला आई नाही, ती आकाशदेवापासून जन्मली. दुसरी लोकांतली, तिला आई आणि बाप दोन्ही आहेत. टिशियनच्या काळात इटलीतले विद्वान हे जुने ग्रंथ नव्यानं वाचत होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे स्वर्गातल्या देवीला नटण्याची, झाकण्याची गरज नाही, कारण सत्याला लपवायचं काहीच नसतं. दागिने, कपडे, मोजे ही या जगातली लेणी. म्हणून हातात दिवा घेतलेली उघडी बाई स्वर्गातल्या प्रेमाचं रूप आणि कपड्यांतली बाई संसारातल्या प्रेमाचं. संसारातलं प्रेमही वाईट नव्हे बरं का, त्यातूनच घरं वसतात, लेकरं होतात. फक्त ते जमिनीवरचं आहे.

हे ऐकून हसू आलं तरी हरकत नाही. पण आपल्याकडेही लज्जागौरीच्या जुन्या मूर्ती आहेतच. तिच्या अंगावर वस्त्र नाही म्हणून कुणी तिला नावं ठेवत नाही, लेकरू मागायला तिच्यापुढे ओटी घेऊनच जातात. मूर्तीला आपण जी सवलत देतो ती चालत्याबोलत्या बाईला देत नाही, एवढाच फरक.

आता यातली खरी गंमत ऐका. हे ‘पवित्र’ आणि ‘संसारी’ असं नाव टिशियननं दिलेलंच नाही. चित्र 1608 मध्ये शिपिओने बोर्गेझे नावाच्या श्रीमंत धर्मगुरूनं विकत घेतलं. 1613 मधल्या एका वर्णनात त्याला ‘नटलेलं सौंदर्य आणि न नटलेलं सौंदर्य’ असं म्हटलंय. पवित्र आणि संसारी अशी वाटणी प्रथम दिसते ती 1693 च्या यादीत. म्हणजे चित्र काढून जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं झाल्यावर. घरातल्या वस्तूंची नोंद करताना कुणीतरी दोन बायका बघितल्या आणि एकीला एक शिक्का मारला, दुसरीला दुसरा.

आपल्या गावात हे काम करायला एकशे ऐंशी वर्षं लागत नाहीत. बाई एस.टी.तून उतरून घरापर्यंत पोचायच्या आत तिच्यावर शिक्का बसलेला असतो.

मग शिक्के बाजूला ठेवले तर या चित्रात खरं काय आहे? त्याची खूण हौदावरच आहे. जिथून पाणी पडतं तिथे दगडावर एका घराण्याचं चिन्ह काढलेलं आहे. ते चिन्ह निकोलो ऑरेलिओ या माणसाचं. व्हेनिसमध्ये तेव्हा राजा नव्हता, मोठमोठ्या घराण्यांचं राज्य होतं, आणि त्यात ‘दहांची परिषद’ म्हणून एक फार दरारा असलेली सभा होती. ऑरेलिओ त्या परिषदेचा सचिव होता. 1514 च्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. अभ्यासकांचं म्हणणं असं की हे चित्र त्या लग्नानिमित्त काढलेलं आहे.

आणि नवरी कोण? तिचं नाव लॉरा बागारोत्तो. व्हेनिसजवळच्या पाडुआ शहरातली. तिची हकिकत आता नीट ऐका, कारण आम्ही आज बोलायला बसलो ते तिच्यासाठी.

1509 साली व्हेनिसवर मोठं युद्ध ओढवलं. अनेक राजे एकत्र येऊन व्हेनिसच्या विरोधात उभे राहिले. पाडुआ हे शहर व्हेनिसच्या ताब्यातलं होतं. व्हेनिसची फौज हरली तेव्हा पाडुआतल्या बड्या लोकांनी बाजू बदलली आणि ते जर्मन सम्राटाच्या बाजूला गेले. पण काही आठवड्यांतच व्हेनिसनं पाडुआ परत जिंकून घेतलं. मग हिशेब चुकते करायला सुरुवात झाली. लॉराचे वडील बेर्तुच्चो बागारोत्तो हे कायद्याचे मोठे जाणकार. त्यांना राज्याशी गद्दारी केल्याबद्दल व्हेनिसमध्ये जाहीरपणे फाशी देण्यात आलं. घरादाराची मालमत्ता सरकारजमा झाली. त्यात लॉराला दिलेला हुंडाही गेला.

इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. हुंडा म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण व्हेनिसच्या तेव्हाच्या कायद्यात हुंडा म्हणजे बापाच्या इस्टेटीतला मुलीचा वाटा मानला जाई. संसार चालू असेपर्यंत नवरा तो सांभाळी, पण मालकी बाईची. नवरा गेला तर त्याच्या घरच्यांनी तो विधवेला परत करायचा, असा नियम होता. म्हणजे बाईच्या हाती उद्यासाठी जे काही होतं ते तेवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर ते तिचं स्त्रीधन होतं.

लॉराचं आधी एकदा लग्न झालेलं होतं, पाडुआतल्याच एका घरात. तो नवराही वारलेला. म्हणजे बाप फासावर गेलेला, नवरा गेलेला, आणि हातात होतं तेही सरकारनं नेलेलं. गुन्हा तिचा काय? बाप कुठल्या बाजूला गेला, एवढाच.

अशी बाई 1514 साली पुन्हा लग्नाला उभी राहिली. नवरा कोण, तर ज्या राज्यानं तिच्या बापाला फाशी दिलं त्याच राज्याचा मोठा अधिकारी. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा जप्त झालेला हुंडा तिला परत मिळाला.

आदल्या दिवशी. पाच वर्षं जे मिळालं नाही ते हळदीच्या दिवशी मिळालं म्हणा ना.

आता पुन्हा चित्राकडे वळा. तेच चित्र वेगळं दिसायला लागतं की नाही बघा.

पांढऱ्या झग्यातली बाई ही नवरी आहे. मर्टलची पानं ही तिकडे व्हीनसची, लग्नाची. आपल्या मुंडावळ्यांसारखीच समजा. पट्टा, मोजे, सगळा लग्नाचा साज. तिच्यामागे लांब टेकडीवर किल्ला आहे आणि खाली गवतात दोन ससे दिसतात. ससे म्हणजे लेकरंबाळं, घर भरू दे असा आशीर्वाद.

उजवीकडची उघडी बाई ही व्हीनस, प्रेमाची देवी. ती नवरीला दिवा दाखवायला आली आहे.

मधला जो हौद आम्ही सांगितला तो मुळात हौद नव्हेच. ती दगडी शवपेटी आहे. जुन्या रोममध्ये माणूस ठेवून पुरायला अशा कोरीव पेट्या करत. चित्रात त्या पेटीत माणूस नाही, पाणी आहे, आणि प्रेमाचा देव ते पाणी ढवळून वाहतं ठेवतोय. ज्या नवरीचा बाप असा गेला तिच्या लग्नाच्या चित्रात मधोमध शवपेटी, आणि तिच्यातून पाणी वाहतंय. जुन्या पुराणांतल्या देवांचा आधार घेऊन टिशियननं जे सांगितलं ते आपल्याला कुणी फोड करून सांगायची गरज नाही. मरणाच्या घरातून संसार पुन्हा उभा करणाऱ्या बाया आपण गावागावांत बघितल्या आहेत. कर्जापायी शेतकरी नवरा गेल्यावर पोरांना घेऊन उभ्या राहिलेल्या बाया आपल्याच गटांत आहेत.

म्हणून आम्हाला वाटतं, चित्रातल्या दोघी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. एक चांगली, एक वाईट असं काही नाही. एकीच्या दुःखाच्या काठावर दुसरी दिवा घेऊन बसली आहे. चेहरे सारखे आहेत ते उगाच नाहीत.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथेच गोड करून संपवली तर आम्ही लॉरावर अन्याय करू. तारखांकडे बघा. ते धन तिचंच होतं. नियमानं तिचं होतं. तरी ते मिळायला लग्न ठरावं लागलं, आणि तेही परिषदेच्या सचिवाशी. त्याच्या घरी तो पैसा येणार हे दिसल्यावर सरकारची मूठ सुटली. एकटी विधवा म्हणून ती बसून होती तोवर तिच्या हक्काला कुणी विचारलं नाही. प्रेमाच्या एवढ्या सुंदर चित्रामागे हा व्यवहार आहे. दगडावर चिन्ह कोरलंय ते नवऱ्याच्या घराण्याचं. लॉराच्या माहेरचं चिन्ह हौदाच्या काठावरच्या चांदीच्या वाडग्यात आहे असं अभ्यासक सांगतात, ते मुद्दाम शोधावं लागतं.

आता आपल्या दारात येऊ. आपल्या देशात हुंडा देणं-घेणं 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्याच कायद्यात असंही आहे की हुंडा म्हणून दुसऱ्या कुणी काही घेतलंच असेल, तर ते ठरलेल्या मुदतीत बाईच्या नावावर करावं लागतं. बाईला लग्नात माहेरनं, सासरनं, पाहुण्यारावळ्यांनी खुशीनं दिलेलं सगळं तिचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली साफ सांगितलं की स्त्रीधनाची मालक बाईच. नवऱ्याकडे किंवा सासूकडे ते सांभाळायला दिलं म्हणून ते त्यांचं होत नाही. मागितल्यावर परत केलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो.

दुसरी गोष्ट विधवांसाठी. ‘दुसरं लग्न केलंस तर जमीन सोडावी लागेल’ असं अजून सर्रास सांगितलं जातं. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. नवऱ्याच्या मागे त्याच्या मालमत्तेतला जो वाटा बायकोला वारसा म्हणून आला, तिची ती पूर्ण मालक. नंतर तिनं लग्न केलं म्हणून तो वाटा काढून घेता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे किती बाया सही करून मोकळ्या झाल्या असतील! आणि माहीत असूनही भावासाठी, दिरासाठी हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या कमी नाहीत. मायेपोटी केलेली सही आणि दडपणाखाली केलेली सही कागदावर सारखीच दिसते.

तिसरी गोष्ट अगदी साधी. लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करायची, कुणी दिलं, काय दिलं, अंदाजे किंमत किती, आणि त्यावर नवरानवरीनं सह्या करायच्या, असा नियम 1985 पासून आहे. आपल्या मांडवात आहेराची वही असते, कुणाचा किती आहेर आला ते अगदी पाच रुपयांपर्यंत लिहिलेलं असतं. पण पोरीच्या गळ्यातलं आणि हातातलं काय, त्याचा कागद नसतो. या लग्नसराईत तो कागद करा. यादीची एक प्रत मुलीच्या हातात द्या. पावत्या असतील तर त्या तिच्याजवळ ठेवा. यात अविश्वास कसला? गटाच्या पैशाची आपण वही ठेवतो ती एकमेकींवर विश्वास नाही म्हणून ठेवतो का? वही असते म्हणून तर विश्वास टिकतो.

चित्राची शेवटची गोष्ट सांगून रजा घेतो. 1899 साली युरोपातल्या एका धनाढ्य सावकार घराण्यानं या एका चित्रासाठी चाळीस लाख लिरा देऊ केले. लिरा हे तिकडचं तेव्हाचं नाणं. बोर्गेझ्यांचा सगळा वाडा आणि त्यातला सगळा संग्रह मिळून तेव्हा छत्तीस लाखांना धरला होता. म्हणजे एक चित्र अख्ख्या वाड्याहून महाग! तरी ते विकलं गेलं नाही. 1902 मध्ये इटलीच्या सरकारनं तो संग्रह विकत घेतला आणि आता कुणीही तिकीट काढून ते चित्र बघू शकतं.

चित्रातल्या नवरीचं मोल जगाला असं कळलं. खऱ्या लॉराचं जे होतं ते मात्र तिला पाच वर्षांनी, लग्नाच्या तोंडावर हाती आलं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं काढा आणि दोन प्रश्न एकमेकींना विचारा. पहिला, आपल्या गावात कोणकोणत्या बाईवर आपणच न विचारता शिक्का मारलाय? आणि दुसरा, आपल्यातल्या कितीजणींना आपलं स्त्रीधन आज नक्की कुठे आहे, कुणाच्या कपाटात आहे, हे सांगता येतं? उत्तर आलं नाही तरी चालेल. प्रश्न तोंडातून निघाला की पाणी ढवळायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

तुमच्या चुलीवरची भाकरी करपायच्या आत आम्ही थांबतो. राम राम.